न झाकण्याचा हिशोब: विद्यापीठाची इमारत आणि उघडं काँक्रीट

नव्या विद्यापीठ-इमारतींची माहितीपत्रकं चाळताना एक विसंगती डोळ्यांत भरते. डाव्या पानावर लिहिलेलं असतं की ही इमारत पर्यावरणाचा विचार करून बांधली आहे. उजव्या पानावर छायाचित्र असतं आणि त्यात छत, खांब, जिने, कठडे सगळं करड्या काँक्रीटचं. ना प्लास्टर, ना रंग, ना फॉल्स सीलिंग. माणसामुळे जगभरात हवेत जाणाऱ्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटच्या कारखान्यांतून जातो. मग ही दोन पानं एकमेकांशेजारी बसली कशी?

बसू शकतात, पण आपोआप नाही. प्लास्टर न केल्यानं काँक्रीट पर्यावरणस्नेही होत नाही. एवढंच होतं की इमारत उचलून धरण्यापलीकडची कामंही त्याला सांगता येतात. दिवसाची उष्णता शोषणं, उजेड परतवणं, रंगरंगोटीविना पन्नास वर्षं उभं राहणं ही ती कामं. ती त्यानं केली तर हिशोब जुळतो. नाही केली तर हाती फक्त रूप उरतं, आणि ते बरंच महाग पडतं.

पहिल्या दिवसाचं कर्ज

सिमेंटचा मुख्य घटक म्हणजे क्लिंकर. चुनखडी आणि चिकणमाती दळून भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की क्लिंकरच्या गोळ्या मिळतात. भट्टीला इंधन लागतं आणि इंधनाचा धूर होतो, हे कुणालाही कळतं. पण त्या धुराड्यातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी निम्म्याहून जास्त वाटा इंधनाचा नसतोच. तो खुद्द चुनखडीतून सुटतो. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. तापवल्यावर तिचं कॅल्शियम ऑक्साइड होतं आणि बाकीचा भाग वायू होऊन निघून जातो. १०० किलो शुद्ध चुनखडीतून ४४ किलो वायू. उद्या भट्टी पूर्णपणे सौरऊर्जेवर चालवली तरी हे ४४ किलो सुटणारच. रसायनशास्त्राकडे सवलत मागता येत नाही.

नेहमीच्या एक घनमीटर काँक्रीटमध्ये ३०० ते ३५० किलो सिमेंट पडतं. त्यामागे ढोबळमानानं ३०० किलो कार्बन डायऑक्साइड धरू. आता वर्गावरची २५ सेंटिमीटर जाडीची स्लॅब घ्या. दर चौरस मीटरला पाव घनमीटर काँक्रीट, म्हणजे ७५ किलो कार्बन डायऑक्साइड. सळयांचा वेगळा. हे सगळं पहिला विद्यार्थी आत पाऊल टाकायच्या आधीच होऊन गेलेलं असतं. दिवे आणि एसी यांचा खर्च हप्त्याहप्त्यानं होतो, त्यात पुढे काटकसर करता येते. काँक्रीटचा कार्बन मात्र एकरकमी उचललेलं कर्ज आहे. एकदा ओतलं की ओतलं.

उघड्या काँक्रीटच्या बाजूनं सांगितलं जाणारं पहिलं कारण असतं की प्लास्टर, रंग, टाइल आणि फॉल्स सीलिंग वाचतं. वाचतं हे खरं. पण त्या ७५ किलोंपुढे ही बचत किरकोळ आहे, आणि ही गोष्ट माहितीपत्रकात सहसा येत नाही. फॉल्स सीलिंग दर पंधरा-वीस वर्षांनी बदलावं लागतं, रंग त्याहून लवकर काढावा लागतो, त्यामुळे इमारतीच्या आयुष्यभराचा हिशोब मांडला तर बचतीचा आकडा वाढत जातो. तरीही तेवढ्यावर कर्ज फिटत नाही. ते फेडायला आणखी काहीतरी लागतं, आणि ते छतात दडलेलं असतं.

छत उष्णता शोषतं म्हणजे काय होतं

भर दुपारी जाड दगडी भिंतींच्या खोलीत शिरलं की गार वाटतं. दगड मुळात थंड नसतो. त्याला तापायला वेळ लागतो, आणि तो तापेपर्यंत दिवस कलतो. काँक्रीटचंही तसंच. एक घनमीटर काँक्रीटचं वजन सुमारे २४०० किलो. ते एका अंशानं तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात सुमारे १८०० घनमीटर हवा एका अंशानं तापेल. म्हणजे वर्गातली हवा पाच मिनिटांत गरम होते, पण डोक्यावरची स्लॅब ढिम्म हलत नाही. वास्तुरचनाकार याला ‘थर्मल मास’ म्हणतात.

स्लॅब कितीही जाड असली तरी चोवीस तासांच्या चक्रात तिचा साधारण वरवरचा १० सेंटिमीटरचा थरच उपयोगी पडतो. त्याहून आत उष्णता पोहोचेपर्यंत रात्र होते आणि उलटा प्रवास सुरू होतो. तेव्हा स्लॅब जाड केली की थंडावा वाढेल हा समज चुकीचा आहे. जाडी वाढवली तर वाढतं ते फक्त कर्ज.

थोडं गणित करू. १० सेंटिमीटर जाडीच्या एका चौरस मीटर थराचं वजन २४० किलो. तो थर दिवसभरात तीन अंशांनी तापला तर त्यात सुमारे ६५० किलोज्यूल उष्णता गेली. आठ तासांत वाटली तर दर चौरस मीटरला २२ वॅट. ऐकायला फार कमी वाटतं. पण १०० विद्यार्थ्यांचा, १५० चौरस मीटरचा वर्ग घेतला तर छत ३.३ किलोवॅट उष्णता ओढून घेतं. बसलेला माणूस सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. त्यातला काही भाग श्वासातून आणि घामातून वाफ होऊन जातो, छताला त्याचं काही करता येत नाही. राहिली सुमारे ७ किलोवॅट. म्हणजे शंभर मुलांच्या अंगाच्या कोरड्या उष्णतेतली जवळजवळ निम्मी छत एकटं सांभाळतं, वीज न वापरता. लॅपटॉप, प्रोजेक्टर आणि खिडकीतलं ऊन यांचा हिशोब वेगळा. छत एसीला घरी पाठवत नाही, पण त्याचं काम हलकं करतं. लहान यंत्रावर भागतं, आणि समशीतोष्ण हवेत कधीकधी यंत्राविनाही.

हे काम भिंत किंवा जमीनही करू शकते, मग छतच का? जमिनीवर गालिचा येतो, बाकं येतात. भिंतीवर फळे, कपाटं, सूचनाफलक लागतात. छतावर कुणी काही ठेवत नाही. शिवाय गरम हवा वर जाते, आणि खोलीतल्या प्रत्येकाला छत दिसतं. ‘दिसतं’ हा शब्द इथे अगदी शब्दशः घ्यायचा, कारण आपलं शरीर भोवतालच्या पृष्ठभागांशी किरणांच्या रूपात उष्णतेची देवाणघेवाण करत असतं. वारा नसलेल्या खोलीत आपल्याला जाणवणारं तापमान हे हवेचं आणि भोवतालच्या पृष्ठभागांचं मिळून जवळपास सरासरी असतं. हवा २८ अंश आणि पृष्ठभाग २५ अंश असतील तर अंगाला साडेसव्वीस जाणवतं.

आता मधे फॉल्स सीलिंग टाका. तो पातळ बोर्ड आणि त्यावरची कोंडलेली हवा खोली आणि स्लॅब यांच्यात पडद्यासारखी उभी राहते. स्लॅब तिथेच असते, कर्ज तेवढंच असतं, पण तिचा खोलीशी संबंध तुटतो. उघड्या काँक्रीटची खरी बाजू ही आहे. प्लास्टर वाचवण्याची गोष्ट त्यापुढे गौण.

रात्र थंड नसेल तर

स्पंज पिळल्याशिवाय पुन्हा पाणी शोषत नाही. स्लॅबमध्ये दिवसभर साठलेली उष्णता रात्री बाहेर काढली नाही, तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी छत स्वतःच गरम होऊन खाली उष्णता सोडायला लागतं. म्हणून रात्री वरच्या झडपा उघडून गार हवा आत घ्यायची आणि तिनं स्लॅब धुऊन काढायची. यासाठी रात्र दिवसापेक्षा बरीच गार हवी. कोरड्या प्रदेशांत, डोंगराळ भागांत आणि समशीतोष्ण देशांत हे जमतं. दमट किनारपट्टीवर, जिथे मध्यरात्रीही घाम थांबत नाही, तिथे उघड्या छताकडून फार अपेक्षा ठेवू नये. तिथे यांत्रिक थंडाव्याबरोबर ते थोडी मदत करेल एवढंच. दमट हवा गार काँक्रीटला लागून पाणी सुटण्याचा धोका वेगळाच.

इंग्लंडमधल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठात १९९५ साली पुरी झालेली एलिझाबेथ फ्राय इमारत या बाबतीत नेहमी सांगितली जाते. तिच्या स्लॅबच्या आत लांब पोकळ्या आहेत, आणि खोलीत येणारी ताजी हवा आधी त्या पोकळ्यांतून फिरून येते. ही मूळची स्वीडिश पद्धत आहे. स्लॅब वरून-खालून तर काम करतेच, शिवाय आतूनही करते. इमारतीला एसी नाही. मला तिची आवडणारी गोष्ट वेगळी आहे. सुरुवातीच्या काळात तिचा इंधनाचा खर्च अपेक्षेपेक्षा जास्त होता. काँक्रीटमध्ये काही खोट नव्हती, नियंत्रणं नीट बसली नव्हती. ती सुधारली आणि खर्च झपाट्यानं उतरला. जड इमारत चालवणं हे मालगाडी चालवण्यासारखं असतं. ब्रेक बराच आधी लावावा लागतो. रात्रीच्या झडपा उघडायला कुणी जागाच नसेल, तर उत्तम रचनाही नुसती कागदावर राहते.

विद्यापीठाच्या इमारतींना आणखी एक खोड असते. काही खोल्या सकाळी आठ ते रात्री अकरा भरलेल्या असतात, जसं ग्रंथालय किंवा अभ्यासिका. काही आठवड्यातून दोनदा तासभर भरतात, जसं मोठं सभागृह. पहिल्या प्रकाराला जड छत छान मानवतं. दुसऱ्या प्रकारात, विशेषतः थंड हवेच्या ठिकाणी, ते उलटतं. तासाभराच्या कार्यक्रमासाठी खोली उबदार करायची तर हीटरची निम्मी ऊब काँक्रीटच गिळून टाकतं. तिथे हलकं अस्तर लावलेली खोली चटकन तापते. सगळ्या इमारतीत सरसकट सगळं उघडं ठेवणं हा दिसण्याचा निर्णय असतो. खोलीखोलीगणिक ठरवणं हा उष्णतेचा.

उघडं, पण कुठल्या अंगानं

आतापर्यंतचं सगळं काँक्रीट आतून उघडं ठेवण्याबद्दल झालं. पण उघड्या काँक्रीटच्या गाजलेल्या इमारती बहुतेकांना बाहेरून ठाऊक असतात, आणि इथेच मोठी गल्लत होते.

काँक्रीट उष्णता साठवतं, ती अडवत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २० सेंटिमीटर जाडीची काँक्रीटची भिंत उन्हात तापली तर साधारण पाच-सहा तासांनी ती ऊब आतल्या बाजूला पोहोचते. म्हणजे दुपारचं ऊन संध्याकाळच्या वर्गाला भेटतं. थंड देशात उलटं होतं, आतली ऊब भिंतीतून सरळ बाहेर. उष्णता अडवायला इन्सुलेशनच लागतं, आणि ते काँक्रीटच्या बाहेरच्या बाजूला लागतं. आतल्या बाजूला लावलं तर पुन्हा तोच पडदा, साठवण फुकट. म्हणजे तंत्राच्या दृष्टीनं योग्य भिंतीत काँक्रीट आत, त्यावर इन्सुलेशन, आणि त्यावर आणखी काहीतरी पांघरूण असतं. बाहेरूनही काँक्रीटच दिसायला हवं असेल तर दोन थरांच्या मधे इन्सुलेशन भरलेली भिंत करावी लागते. तिला काँक्रीट जास्त लागतं, पैसा जास्त लागतो, आणि बाहेरचा थर निव्वळ दिसण्यासाठी असतो. त्याला पर्यावरणाचं नाव देऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

स्लॅब बाहेर काढून सज्जा केला तर आणखी एक गळती सुरू होते. आतल्या गरम स्लॅबचा तुकडा बाहेरच्या थंडीत काढणं म्हणजे इंजिनाला पाती लावून ते गार करण्यासारखं. थंड हवेत अशा सज्ज्यांच्या सांध्यात उष्णता अडवणारा तुकडा बसवतात. १९६०-७० च्या दशकांतल्या कित्येक काँक्रीटच्या इमारती थंडीत गारठतात, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

हवा सौम्य असेल तर मात्र हे सगळं नियमपुस्तक बाजूला ठेवता येतं. पेरूची राजधानी लिमा इथलं यूटेक हे अभियांत्रिकी विद्यापीठ, ग्राफ्टन आर्किटेक्ट्स यांनी रचलेलं, २०१५ साली उभं राहिलं. तिथे ना कडाक्याची थंडी, ना होरपळ. म्हणून जिने, मार्गिका आणि बसण्याच्या जागा चक्क उघड्यावर आहेत. एकावर एक रचलेल्या काँक्रीटच्या डोंगरकड्यातून वारा फिरतो. बंदिस्त करून थंड करावी लागणारी जागाच मुळात कमी ठेवली. २०१६ साली त्या इमारतीला रिबा या ब्रिटनमधल्या वास्तुरचनाकारांच्या संस्थेचा पहिला आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ब्राझीलमधल्या साओ पाउलो विद्यापीठाची वास्तुकला विद्याशाखा, व्हिलानोव्हा आर्टिगास यांची रचना, १९६९ सालची, याच जातीची. तिला प्रवेशद्वाराचा दरवाजाच नाही. हे पाहून थंड प्रदेशातल्या कुणी तसंच बांधायला घेतलं तर फसगत ठरलेली.

घुमणारे वर्ग

उघड्या छताचा सगळ्यात हमखास तोटा ऐकू येतो, अगदी शब्दशः. काँक्रीटवर पडलेल्या आवाजापैकी जेमतेम २ टक्के ते शोषतं, बाकीचा परत फेकतं. आपला तोच १५० चौरस मीटरचा वर्ग घ्या, साडेतीन मीटर उंचीचा. भिंती, फरशी, छत सगळं कठीण असेल आणि खोली रिकामी असेल, तर सूत्रानुसार आवाज विरायला जवळजवळ ९ सेकंद लागतात. शंभर मुलं येऊन बसली की कपडे आणि शरीरं आवाज शोषतात, आणि हा काळ दीड सेकंदाच्या आसपास येतो. अमेरिकेतल्या वर्गखोल्यांच्या मानकानुसार या आकाराच्या रिकाम्या वर्गात हा काळ ०.७ सेकंदांहून जास्त नसावा. दीड सेकंद घुमणाऱ्या खोलीत शिक्षकाचं मागचं अक्षर पुढच्या अक्षरावर चढतं. पहिल्या रांगेला कळतं, शेवटच्या रांगेला नुसता गलका. परक्या भाषेत शिकणाऱ्याचे आणि कमी ऐकू येणाऱ्याचे हाल तर विचारू नका.

०.७ सेकंदांपर्यंत यायचं तर या खोलीला शंभरएक चौरस मीटर आवाज शोषणारा पृष्ठभाग हवा, म्हणजे छताच्या दोन-तृतीयांशाएवढा. आणि छत तर आपण उष्णतेसाठी मोकळं ठेवलंय. एकाच जागेवर दोघांचा हक्क.

यातून वाट निघते ती उभ्या पट्ट्यांची. आवाज शोषणारे बोर्ड छताला आडवे चिकटवण्याऐवजी उभे टांगायचे, एकमेकांपासून अंतर ठेवून. उभ्या बोर्डाच्या दोन्ही बाजू आवाज शोषतात, त्यामुळे कमी बोर्डांत भागतं. आणि त्यांच्या फटींतून हवा छतापर्यंत जाते, काँक्रीटचं काम थोडं मंदावतं पण थांबत नाही. मागची भिंत मऊ करायची, कारण शिक्षकाचा आवाज तिच्यावरच आदळून परततो. हे नकाशावर पहिल्या दिवसापासून असावं लागतं. प्रत्यक्षात अनेकदा वर्ग सुरू झाल्यावर तक्रारी येतात, मग घाईघाईनं सगळं छत बोर्डांनी झाकलं जातं. आवाजाचा प्रश्न सुटतो, आणि उष्णता साठवायला उघडं ठेवलेलं छत बोर्डांआड निकामी होतं.

झाकली मूठ नाही

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणतात. प्लास्टर ही बांधकामातली झाकली मूठ. त्यामागे वाकडी सेंट्रिंग, राहिलेली पोकळी, नंतर फोडून बसवलेला विजेचा पाइप, सगळं खपून जातं. उघड्या काँक्रीटला ही सोय नाही. शटरिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याच्या, प्लायचा सांधा, तो साचा धरून ठेवणाऱ्या बोल्टांची भोकं, व्हायब्रेटर नीट न फिरवल्यामुळे राहिलेलं खडीचं जाळं ज्याला साइटवर हनीकोंबिंग म्हणतात, दोन दिवसांच्या ओतकामांमधली रेघ, हे सगळं पन्नास वर्षं दिसत राहणार. म्हणून अनुभवी माणसं आधी एक नमुना-भिंत ओततात, ती सगळ्यांनी पाहून मान्य करतात, आणि वाद झाला तर त्या भिंतीपाशी जाऊन उभं राहतात. अगदी गुळगुळीत, डागविरहित काँक्रीटचा हट्ट धरला तर शटरिंगचं प्लाय थोड्याच वापरांनंतर फेकावं लागतं, आणि नापसंत भाग फोडून पुन्हा ओतावे लागतात. तो कचराही कर्जातच धरायचा. थोडा डाग, थोडी रंगछटा चालवून घेणं इथे पर्यावरणाच्याच बाजूचं.

दुसरी अडचण वायरिंगची. फॉल्स सीलिंग नाही म्हटल्यावर वायरी, पाण्याचे पाइप, हवेचे डक्ट, आगीचे फवारे जाणार कुठून? एक तर ते उघडे नीटस मांडायचे, नाहीतर स्लॅब ओतण्याआधी आत टाकायचे. दुसऱ्या वाटेत धोका असा की दहा वर्षांनी प्रयोगशाळेचं कार्यालय झालं, तर स्लॅबमधल्या वायरी हलत नाहीत. आणि विद्यापीठात खोल्यांची उलथापालथ तर अखंड चालू असते.

या प्रश्नाचं एक सुरेख उत्तर येल विद्यापीठाच्या कलादालनात पाहायला मिळतं. लुई कान यांची ही इमारत १९५३ सालची. तिचं छत म्हणजे काँक्रीटच्या त्रिकोणी चौकटींची जाळी, पोकळ चतुष्फलकांची. दिव्यांच्या वायरी आणि हवेचे डक्ट त्या पोकळ्यांतून जातात, वर पाहिलं तर दिसतात, पण खुपत नाहीत. आजच्या हिशोबानंही अशा खोबणीदार किंवा बरगडीच्या छताला दोन फायदे आहेत. जिथे ताण नाही तिथलं काँक्रीट कमी होतं, आणि हवेला स्पर्श करणारा पृष्ठभाग वाढतो. कमी कर्जात जास्त काम.

सळईपर्यंतचा प्रवास

काँक्रीट हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत शोषतं, हे कधीकधी मोठ्या अभिमानानं सांगितलं जातं. खरं आहे ते. फक्त त्याची दुसरी बाजू सांगायची राहून जाते. काँक्रीट मूळचं तीव्र अल्कधर्मी असतं, त्याचा सामू १२.५ ते १३. त्यामुळे आतल्या सळईवर एक संरक्षक पापुद्रा बनतो. कार्बन डायऑक्साइड आत शिरत गेला की सामू ९ च्या खाली येतो, पापुद्रा मोडतो, आणि ओलावा मिळाला की सळई गंजते. गंज लोखंडापेक्षा दुप्पट ते सहापट जागा मागतो. मग काँक्रीटचे पापुद्रे सुटतात, खाली पडतात.

या प्रवासाचा नियम मजेदार आहे. दुप्पट आत शिरायला वेळ चौपट लागतो. समजा १० मिलिमीटर आत शिरायला १० वर्षं लागली, तर २० मिलिमीटरला ४० वर्षं, आणि ३० मिलिमीटरला ९०. म्हणजे सळईवरचं कव्हर, तिला झाकणारा काँक्रीटचा थर, थोडंसं कमी पडलं तरी इमारतीची कित्येक दशकं जातात. जुन्या उघड्या काँक्रीटच्या इमारतींवर जे तपकिरी ओघळ आणि फुटलेले कोपरे दिसतात, त्यांची मुळं बहुतेक वेळा शटरिंगच्या दिवसांत सरकलेल्या सळईत सापडतात. आतल्या कोरड्या खोल्यांत हा धोका कमी, कारण ओलावाच नसतो. बाहेरच्या बाजूला प्लास्टरचं चिलखत नाही, तेव्हा कव्हर, पाणी वाहून नेणाऱ्या पन्हळी आणि दाट काँक्रीट यांत काटकसर करायची नाही.

कमी सिमेंट, वेगळा रंग

कर्ज कमी करायची सरळ वाट म्हणजे क्लिंकर कमी वापरणं. लोखंडाच्या झोतभट्टीतली मळी (स्लॅग) दळून सिमेंटच्या जागी अर्ध्यापर्यंत, कधी त्याहूनही जास्त घालता येते. औष्णिक केंद्रांतली फ्लाय ॲश साधारण तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. उघड्या काँक्रीटमध्ये याचा रंगावर परिणाम होतो. मळीमुळे काँक्रीट फिकट, जवळजवळ पांढुरकं होतं. शटरिंग काढल्यावर सुरुवातीला त्यावर निळसर-हिरवट झाक दिसते आणि मालक घाबरतो. हवा लागल्यावर ती जाते. फ्लाय ॲशनं रंग गडद होतो. हा फरक नुसता शोभेचा नाही. करडं काँक्रीट अंगावर पडलेल्या उजेडापैकी साधारण ३० टक्केच परत करतं, पांढरा रंग ७०-८० टक्के. गडद छताखाली दिवसा दिवे लावावे लागतात, आणि बचतीतली काही रक्कम तिथे गळते. पांढरं सिमेंट वापरावं तर त्याची भट्टी आणखी तापवावी लागते. फिकट मळीचं मिश्रण हा त्यातल्या त्यात शहाणा सौदा.

पण मळीची एक गोम आहे. जगात ती मर्यादित निघते, आणि जी निघते ती बहुतेक आधीच वापरली जाते. मी जास्त घेतली तर दुसऱ्या कुणाला कमी मिळते. एकूण वातावरणाला काय फरक पडला? म्हणून चिकणमातीकडे लक्ष गेलं. एलसी-३ नावाच्या सिमेंटमध्ये ५० टक्के क्लिंकर, ३० टक्के भाजलेली चिकणमाती, १५ टक्के न भाजलेली चुनखडी आणि ५ टक्के जिप्सम असतं. चिकणमातीला ७०० ते ८५० अंश पुरतात आणि तिच्यातून कार्बन डायऑक्साइड सुटत नाही. नेहमीच्या सिमेंटपेक्षा उत्सर्जन ३० ते ४० टक्क्यांनी कमी. स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथल्या तंत्रविद्यापीठानं क्युबातल्या आणि भारतातल्या आयआयटींसारख्या संस्थांबरोबर हे विकसित केलं. मातीत लोह असेल तर सिमेंटला तांबूस छटा येते, ती भट्टीत आवरता येते, किंवा सरळ आवडून घेता येते.

अशी मिश्रणं सावकाश बळ धरतात. शटरिंग जास्त दिवस ठेवावं लागतं, क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं, जास्त दिवस चालवावं लागतं. ‘पुढच्या शैक्षणिक वर्षाआधी इमारत हवी’ या वाक्यानं अनेक कमी-कार्बन मिश्रणांचा बळी घेतलाय. वेळापत्रक आखतानाच यासाठी दिवस राखून ठेवले तर प्रश्न उरत नाही.

येलची समोरची इमारत

कानच्या कलादालनासमोर रस्त्यापलीकडे पॉल रुडॉल्फ यांची कला आणि वास्तुकलेची इमारत उभी आहे, १९६३ सालची. तिच्या भिंतींवर उभ्या बरगड्या ओतून नंतर हातोड्यानं त्यांच्या कडा फोडल्या, म्हणजे आतली खडी दिसते. खांदा घासला तर ओरखडा उठेल असा तो पोत. १९६९ साली इमारतीला मोठी आग लागली. त्यानंतरची कित्येक वर्षं तिच्या आतल्या जागा तोडजोड करून वापरल्या गेल्या, आणि ती पाडावी असं म्हणणारेही होते.

विद्यापीठाचा एक गुण इथे उपयोगी पडतो. बांधून विकून मोकळं होणाऱ्याला पन्नासाव्या वर्षाचा विचार करावा लागत नाही. विद्यापीठ स्वतः बांधतं, स्वतः बिलं भरतं आणि तिथेच राहतं. २००८ साली रुडॉल्फची इमारत दुरुस्त झाली. खिडक्यांची काच बदलली, आतली वायरिंग आणि हवेची यंत्रणा नव्यानं घातली, शेजारी जोड-इमारत उभी राहिली, आणि मूळ इमारतीला रुडॉल्फ हॉल हे नाव दिलं. १९६३ साली उचललेलं काँक्रीटचं कर्ज तेव्हा पंचेचाळीस वर्षांचं झालं होतं. ती पाडून नवी बांधली असती, तर तेवढंच कर्ज पुन्हा पहिल्या दिवसापासून.